औषधव्यापदांची नोंद : मुलकोवालची कुपी व तिच्यानंतरचे कागद

तळेगांव दाभाडे हें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस सेनापति दाभाड्यांच्या संबंधानें परिचित आहे. खंडेराव, १७३१ सालीं डभईच्या रणांत पडलेले त्रिंबकराव आणि त्यांच्या पश्चात् घराण्याचा भार वाहणाऱ्या उमाबाई यांच्या कागदांवर आजवर पुष्कळांनीं श्रम केले आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विष्णु गोविंद विजापूरकरांचें समर्थ विद्यालय व पैसाफंडाचा कांचकारखाना हीं दोन कार्यें याच गांवीं चाललीं; तींहि आतां संशोधकांच्या कक्षेंत आलीं आहेत. १९९५ पासून येथें एक वैद्यक महाविद्यालय व त्यास जोडलेलें रुग्णालय आहे. मावळांतील खेडुत रोगी व परगांवचे विद्यार्थी यांची तेथें रोज गांठ पडते. प्रस्तुत टिपणाचा विषय या तिसऱ्या तळेगांवाशीं संबद्ध आहे. येथील व देशांतील इतर वैद्यक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस २०१९ च्या अभ्यासक्रमापासून एक गोष्ट शिकणें प्राप्त झालें आहे : औषधानें रोग्यास अपाय झाल्यास तो ओळखावा व त्याची लेखी वर्दी द्यावी.

इतिहाससंशोधनाच्या पत्रांत हा विषय कशाला, अशी शंका कोणी काढील. परंतु ही वर्दी म्हणजे एक ऐतिहासिक साधनच होय. ती समकालीन आहे कीं मागाहून रचलेली, प्रत्यक्ष पाहणाराची आहे कीं ऐकीव, तींत मिति आहे कीं नाहीं, हे जे प्रश्न आपण बखरीस व पत्रास विचारतों तेच तिलाहि विचारावे लागतात. आणि अशी वर्दी लिहिली गेली असतां, किंवा न लिहिली गेली असतां, काय घडतें याचा इतिहास आपल्याच प्रांतांत, मुंबईच्या भायखळ्यास व परळास, कागदोपत्रीं उपलब्ध आहे.

प्रथम आपल्या शास्त्रग्रंथांकडे पाहूं. औषधाचा अपाय हा विषय त्यांस अज्ञात नव्हता. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांतील सहावा अध्याय वमन व विरेचन यांच्या व्यापदांनाच वाहिलेला आहे. आध्मान, परिकर्तिका, स्राव, हृद्ग्रह, गात्रग्रह, जीवादान, विभ्रंश, स्तंभ, उपद्रव व क्लम अशा दहा व्यापदा तेथें सांगितल्या असून त्यांचें मूळ परिचारक, औषध, वैद्य व रोगी या चौघांपैकीं कोणाच्या तरी वैगुण्यांत शोधावें, असा ग्रंथकाराचा अभिप्राय आहे. सुश्रुतानें चिकित्सास्थानांत याच व्यापदा पंधरा मानल्या आहेत व त्यांचें निमित्त वैद्य किंवा रोगी यांजकडे लाविलें आहे. दोहोंची तुलना केली असतां चरकाची मांडणी मला अधिक व्यापक वाटते. कारण औषध बिघडलेलें असेल व ते देणारा नोकर चुकला असेल, या दोन्ही शक्यता तो वेगळ्या मोजतो. पुढील हकीकतींत या दोन शक्यतांवरच सारा वाद माजला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मात्र या अध्यायांत कोणा एका रोग्याचें नांव, गांव किंवा मिति नाहीं. शास्त्र सामान्य नियम सांगतें. ज्या शेंकडों रोग्यांच्या हालांवरून तो नियम निघाला ते सर्व त्यांतून पुसले जातात. आज दुष्परिणाम हा शब्द रूढ आहे, परंतु त्यांत परिणामाचा वाईटपणा तेवढा येतो. व्यापद् या शब्दांत कांहीं तरी मार्ग सोडून घडलें व त्याचें कारण शोधलें पाहिजे, ही सूचना आहे. म्हणून या टिपणांत मीं तोच योजिला आहे.

आतां मुंबईकडे वळूं. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, सांथ उद्भवली. त्या वर्षाच्या शरदांत डॉक्टर वाल्देमार हाफकीन हे सरकारी आज्ञेनें तेथें आले व भायखळ्याच्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयांतील एका लहानशा जागेंत त्यांनीं लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यांस ताप आला व टोंचल्या जागीं वेदना झाल्या. औषध करणारानें औषधाचा अपाय आधीं आपल्या अंगावर पाहावा, ही गोष्ट पुढील काळाच्या मानानें विशेष मानावी लागेल. १८९९ च्या ऑगस्टांत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत प्रयोगशाळा गेली, व तेथून लसीच्या कुप्या सर्व हिंदुस्थानांत जाऊं लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाब प्रांतांतील मुलकोवाल या खेड्यांत १०७ जणांस लस टोंचण्यांत आली. लस पांच कुप्यांतील होती. सुमारें आठवड्यानें त्यांपैकीं एकोणीस जणांस धनुर्वात झाला व ते एकोणीसहि जण मरण पावले. हे सर्व ५३-एन अशी खूण असलेल्या एकाच कुपीचे निघाले. बाकीच्या अठ्ठ्याऐंशींस कांहीं झालें नाहीं. येथें क्षणभर थांबलें पाहिजे. मृत्यु एकोणीस झाले एवढेंच कळलें असतें तर लोकांनीं सर्वच लसीला विष ठरविलें असतें, आणि सरकारनें कदाचित् गांवच्या मातीला दोष दिला असता. कोणती कुपी कोणाच्या वांट्यास गेली हें सांगतां आलें म्हणूनच संशय एका कुपीवर येऊन ठेपला. कुपीवरील खूण ही पत्रावरील शिक्क्याप्रमाणें आहे. ती नसेल तर मजकूर कितीहि खरा असो, तो कोणाच्या पदरीं घालावा हें कळत नाहीं.

पुढचा प्रश्न असा कीं, धनुर्वाताचें बीज कुपींत शिरलें केव्हां? परळास भरतांना, कीं मुलकोवालास उघडतांना? चौकशीसाठीं मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं मंडळ नेमण्यांत आलें. हाफकीन यांनीं लसीची मागणी वाढल्यावर कृतींत फरक करून कार्बॉलिक आम्ल घालणें सोडलें होतें व उष्णतेनें शुद्धि करण्यावर भर दिला होता. हा फरकच मंडळाच्या डोळ्यांत भरला. कुपी मुलकोवालास उघडण्यापूर्वींच दूषित झालेली होती, असा निर्णय झाला, व हाफकीन यांस परळ सोडावें लागलें.

परंतु मंडळापुढें आलेल्या साक्षींतच दुसरी एक गोष्ट होती. कुपीचें बूच काढतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. ज्योतींत धरून तो शुद्ध करावयाचा, तें न करितां कार्बॉलिकच्या पाण्यांत तो नुसता खळबळून त्यानेंच बूच ओढलें. शिवाय टोंचणाऱ्या डॉक्टरांनीं कुपी उघडल्यावर तिचा वास घेऊन पाहिला होता, व तींत दुर्गंध नव्हता. धनुर्वाताचे जंतु कुपींत कित्येक दिवस वाढले असते तर दुर्गंध आल्यावांचून राहिला नसता, असें या विषयाचे जाणते म्हणतात. लंडनच्या लिस्टर संस्थेकडे कागद गेले तेव्हां तिनेंहि, टोंचण्याच्या वेळीं विष कुपींत बहुधा होतें, पण तें कोणत्या टप्प्यास व कोणत्या वाटेनें शिरलें हें सांगणें अशक्य आहे, असें सावध मत दिलें.

हे कागद सरकारनें प्रसिद्ध केले ते १९०६ च्या अखेरीस. मध्यें चार वर्षें गेलीं. कागद बाहेर पडतांच सर रोनाल्ड रॉस यांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत लेखणी उचलली, व जुलै १९०७ मध्यें त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचें पत्र त्याच पत्रांत आलें. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकीन दोषमुक्त झाले. त्यांस कलकत्त्यास जागा मिळाली. परळ परत मिळालें नाहीं. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें, तें आजहि आहे.

माझ्या मतें जेंकिन्स मंडळाची चूक वैद्यकांतील नसून साक्षीपुराव्याच्या तारतम्यांतील होती. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार चिमटा पडल्याचें सांगत असतां, कृतींत फरक झाला म्हणून दोष तेथेंच असला पाहिजे, या अनुमानास मंडळानें वरचढ मानलें. चरकानें प्रत्यक्ष, अनुमान व आप्तोपदेश यांच्या जोडीस युक्ति हें चौथें प्रमाण घेतलें आहे. अनेक कारणांच्या संयोगानें एक कार्य कसें घडलें हें ताडून पाहणें म्हणजे युक्ति. मुलकोवालच्या प्रकरणांत तिचीच उणीव भासते. या चुकीचें मोल एकट्या हाफकीन यांनीं दिलें असेंहि नाहीं. पंजाबांत लस टोंचण्याच्या मोहिमेस त्या प्रकरणानें जबर धक्का बसला, आणि १९०७ या एका सालांत त्या प्रांतांत प्लेगनें सहा लाखांहून अधिक माणसें नेलीं.

आणखी एक गोष्ट. मुलकोवालची चौकशी झाली ती एकोणीस मृत्यु एकदम झाले म्हणून. एकाच खेड्यांत एकाच माणसास लसीनें अपाय झाला असता तर त्याची दखल घेण्याची कोणतीहि रीत तेव्हां नव्हती. विलायतेंत क्लोरोफॉर्मनें होणाऱ्या मृत्यूंच्या हकीकती मागविण्याचा उपक्रम लॅन्सेट नियतकालिकानें केला होता व त्याचा वृत्तांत १८९३ सालीं छापला. पण तो एका औषधापुरता होता. हिंदुस्थानांत कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९३०–३१ सालीं औषधांच्या बाजाराची पाहणी केली, व तिचें फळ म्हणून १९४० चा औषध कायदा झाला. त्या कायद्याचा रोंख भेसळीवर व दर्जावर होता. निर्भेळ, उत्तम औषधहि एखाद्यास बाधतें, हा विचार त्यांत फारसा नाहीं.

तो विचार सामान्य वैद्यांच्या अंगवळणीं पडला तो पेनिसिलिनमुळें. तळेगांवाहून पुण्याच्या सडकेनें वीसेक किलोमीटर गेलें कीं पिंपरी लागते. तेथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षीं पेनिसिलिन निघूं लागलें. पूर्वीं धनिकांसच मिळणारें हें औषध गांवोगांव पोहोंचलें. त्याबरोबरच कोणाच्या अंगीं तें लागत नाहीं, सुई दिल्यावर क्षणांत श्वास कोंडतो व नाडी सुटते, हेंहि गांवोगांव माहीत झालें. आधीं थोडेंसें टोंचून पाहण्याची चाल पडली. ज्यास बाधलें त्याच्या कागदावर तांबड्या शाईनें लिहूं लागले. ही तांबडी अक्षरें म्हणजे व्यापदेची नोंदच होय. पण ती त्या रोग्याच्या कागदावर राही, आणि कागद हरवला कीं संपे. दहा गांवच्या दहा तांबड्या नोंदी एका ठिकाणीं आणून वाचणारा कोणी नव्हता.

अशा वाचणाराची गरज जगास पटली ती १९६१ सालीं, जेव्हां गरोदर स्त्रियांस दिलेल्या थॅलिडोमाइड औषधानें हजारों अर्भकें व्यंग होऊन जन्मलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६८ सालीं दहा देशांच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. १९७८ पासून त्या स्वीडनमधील उप्साला येथें जमतात. भारत त्यांत नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धांत सामील झाला.

त्यापूर्वीं मुंबईस आणखी एक किंमत द्यावी लागली. १९८६ च्या आरंभीं जे. जे. रुग्णालयांत, म्हणजे ज्या आवारांत हाफकीन यांनीं पहिली सुई आपल्या अंगांत घेतली त्याच आवारांत, मेंदूवरील व डोळ्यांवरील दाब उतरविण्यासाठीं ग्लिसरीन दिलेल्या रोग्यांची लघवी बंद होऊं लागली. चौदा रोगी दगावले. ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलेलें निघालें. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें १९८७ च्या अखेरीस अहवाल दिला. न्यायालयीन चौकशीचा मराठी मुलुखांतील हा एक अत्यंत वाचनीय कागद आहे. औषध कोणी, कोणत्या परवान्यानें, कोणाच्या शिफारशीनें घेतलें, तपासणी झाली कीं केवळ कागदावर झाली, हें त्यांत पायरीपायरीनें उलगडत जातें. पेशवे दप्तरांतील एखाद्या अफरातफरीची चौकशी वाचणारास तो परका वाटणार नाहीं. हेंच विष अमेरिकेंत १९३७ सालीं शंभरांवर माणसांच्या मृत्यूस कारण झालें होतें, आणि त्यामुळें तेथें १९३८ चा कायदा झाला होता. म्हणजे मुंबईच्या वेळीं हें ज्ञान जवळजवळ अर्धशतकाचें जुनें होतें.

त्याहून खेदाची गोष्ट २०२५ ची. त्या वर्षीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याचें औषध घेतलेल्या लहान मुलांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. कित्येकांस उपचारासाठीं आपल्या नागपुरास आणिलें होतें. वीसाहून अधिक बालकें गेलीं, व औषधांत तेंच डायएथिलीन ग्लायकॉल सांपडलें. निरनिराळ्या घरचीं मुलें, निरनिराळ्या दिवशीं, एकाच रीतीनें आजारी पडतात. तीं एका सूत्रांत ओंवण्यास कोणी तरी प्रत्येकाच्या घरीं कोणती बाटली होती हें विचारावें लागतें. मुलकोवालास एकच दिवस व एकच गांव होतें, म्हणून तें सोपें गेलें.

हें सूत्र ओंवण्यासाठीं आज जी व्यवस्था आहे ती जुलै २०१० मध्यें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत सुरू झाली. एप्रिल २०११ मध्यें तिचें मुख्य स्थान गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडे गेलें. तिचा फॉर्म कोणत्याहि जिज्ञासूनें पाहण्याजोगा आहे. रोग्याच्या नांवाचीं आद्याक्षरें व वय. काय बाधा झाली व ती केव्हां सुरू झाली. कोणत्या औषधाचा संशय आहे. आणि लिहिणारा कोण : एवढें तरी भरलेंच पाहिजे. शिवाय कुपीच्या खुणेचा, म्हणजे बॅचच्या आंकड्याचा, रकाना आहे; औषध थांबविल्यावर बाधा उतरली काय, व पुन्हां दिल्यावर उलटली काय, हेंहि विचारलें आहे. १९८१ सालीं कॅनडांतील नारांजो प्रभृतींनीं अशा दहा प्रश्नांची एक पट्टी केली. तिच्या गुणांवरून बाधा औषधाचीच असणें निश्चित, संभाव्य, शक्य कीं संशयास्पद हें ठरवितात. चरकाची युक्ति व ही पट्टी एकच आहेत असें म्हणण्याचा मोह मी आवरतों. पण दोहोंचा प्रश्न एकच आहे. औषधसेवन करणाऱ्या सामान्य माणसासाठींहि निराळा फॉर्म असून तो मराठींतहि मिळतो.

आतां विद्यार्थ्यांविषयीं. गेल्या वीसेक वर्षांत देशांतील ठिकठिकाणच्या वैद्यक महाविद्यालयांत प्रश्नावल्या वांटून विद्यार्थ्यांचें या बाबतींतील ज्ञान पाहण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. त्यांतून वारंवार दिसतें तें असें कीं, व्याख्या बहुतेकांस येते, नोंद करणें कर्तव्य आहे हेंहि बहुतेक मान्य करितात, पण फॉर्म स्वतः भरलेले थोडे. शाळेंत चाळीस वर्षें व्याकरण शिकविलेल्या माणसास यांत नवल वाटत नाहीं. समासांचे प्रकार घोकलेला मुलगा श्लोक पुढें ठेवला कीं गप्प बसतो. वडील वैद्यांचीहि गत वेगळी नाहीं. बारा देशांतील सदतीस अभ्यासांचा २००६ सालीं हेझेल व शाकीर यांनीं आढावा घेतला, त्यांत नोंदीविना राहणाऱ्या बाधांचें मध्यम प्रमाण शेंकडा ९४ भरलें.

याचीं कारणें इंग्लंडांतील इनमन यांनीं पूर्वींच सात सांगितलीं आहेत. त्यांत आळस आहे, अज्ञान आहे, बाजारांत आलेलें औषध सुरक्षितच असणार हा भाबडेपणा आहे. आपल्याकडील विद्यार्थ्यांपुरतें पाहतां मला दोन विशेष वाटतात. पहिलें भय. औषध गुरूनें लिहिलेलें असतें. त्याची बाधा लिहिणें म्हणजे गुरूवर फिर्याद करणें, असें विद्यार्थ्यास वाटतें. वास्तविक फॉर्म गोपनीय असतो, व तो भरल्यानें कोणाचा दोष सिद्ध होत नाहीं. दुसरें संकोच. खात्री झाल्याखेरीज लिहावें कसें, असें तो म्हणतो. येथें त्याला आपल्या शिस्तीचा उलटा अर्थ बाधतो. मुळावांचून कांहीं लिहावयाचें नाहीं ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा टीकाकाराची आहे. दप्तरांत कागद लावून ठेवणाराची नव्हे. संशयित कागदहि आपण दप्तरांत ठेवतों व त्यावर संशयित म्हणून लिहितों. फाडून टाकीत नाहीं. फॉर्मच्या मथळ्यावरहि संशयित हाच शब्द आहे. निर्णय पुढें, अशा अनेक कागदांची जुळणी झाल्यावर, दुसरे करतात.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांशीं या विषयाचा आणखी एक संबंध आहे. जुन्या वैद्य घराण्यांतील औषधांचीं बाडें आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं आहेत. त्यांत एखाद्या योगापुढें अनुभूत असा शेरा मारलेला पुष्कळदां दिसतो, व यादी करणारा तो कौतुकानें उतरून घेतो. अपायाची टीप त्या मानानें विरळ, व जी असते ती समासांत, आडव्या ओळींत, मोडींत घाईनें लिहिलेली. ती बहुधा यादींत येत नाहीं. पारा, सोमल, बचनाग, जमालगोटा यांचे योग ज्या पानांवर आहेत तीं पानें या दृष्टीनें पुन्हां पाहावीं. अशी टीप आढळल्यास औषध, मात्रा, रोग्याचें वय व मिति यांपैकीं जें वाचतां येईल तें बाडाच्या यादींत निराळ्या रकान्यांत उतरावें. अक्षर मूळ लेखकाचें कीं मागाहून भर घालणाराचें, व शाई तीच कीं निराळी, हेंहि तेथेंच लिहावें.